ब्रेकमधील हवा

बंगळूर सोडून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर होसकोटे लागते. कानडीत ‘होस कोटे’ म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात शहाजीराजांना मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीत या गावाचा समावेश होता. तेव्हा मराठी माणसाला हे नाव अगदीच परके वाटू नये. आज मात्र होसकोट्याची ओळख घोड्यांची नसून मोटारींची आहे. कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर रात्रंदिवस ट्रकांची रीघ लागलेली असते. व्होल्वो कंपनीचे ट्रक १९९८ पासून याच तालुक्यातील कारखान्यात तयार होऊ लागले. रस्त्याच्या कडेने लहानमोठ्या गॅरेजांची वस्ती आहे. माझे शिक्षण कलाशाखेचे आणि नोकरी सरकारी कचेरीतली. मोटारीशी माझा संबंध ती चालवण्यापुरताच. तरीही ब्रेक या विषयावर दोन शब्द बोलण्याचे धाडस मी करीत आहे, याचे कारण या गावात मला मिळालेला एक धडा होय.

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक झिजले होते. एका गॅरेजात दोन्ही चाकांचे कॅलिपर आणि पॅड नवे बसवून घेतले. गाडी परत आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी पेडलावर पाय ठेवला की तो दगडाच्या पायरीवर ठेवल्यासारखा वाटे. आता तो उशीवर ठेवल्यासारखा वाटू लागला. मी तसे बोलून दाखवले. उत्तर मिळाले, “नवं सामान आहे साहेब, चार दिवस चालवा, आपोआप बसेल.” त्या उत्तरात थोडे तथ्यही होते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. नवे पॅड डिस्कवर नीट घासून बसायला काही अंतर चालावे लागते, हे खरे आहे. तोवर पेडलात किंचित नरमपणा जाणवू शकतो, हेही खरे. परंतु पेडल जवळजवळ तळाला टेकणे हे काही नव्या पॅडचे लक्षण नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेले आणि गाडी चालतच राहिली. पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा ब्रेक लागला. कळपामागे काठी घेतलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मेंढ्या हाकीत तो निघून गेला. माझे पाय मात्र बराच वेळ थरथरत होते. दुसऱ्यांदा पेडल दाबण्यात एखादा सेकंद गेला असेल. गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर होता, म्हणजे त्या सेकंदात ती अकरा मीटर पुढे गेली. तीच ताशी ऐंशीच्या वेगात असती तर बावीस मीटर गेली असती. दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक म्हणजे काय, याचे गणित मला त्या दिवशी समजले.

पेडल मऊ का होते हे समजून घ्यावयाचे तर ब्रेक लागतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. पाय दाबला जातो गाडीच्या आत आणि ब्रेक लागतो तो चाकापाशी. पायाचा जोर चाकापर्यंत नेण्याचे काम एका नळीतले तेल करते. या योजनेच्या मुळाशी फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम आहे. त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्या नियमाचा आशय. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने या तत्त्वाचा उपयोग मोटारीच्या ब्रेकसाठी केला, आणि १९२१ मध्ये ड्युझेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक बसले. त्यापूर्वी हे काम सळया आणि तारा करीत. त्या ताणल्या जात, आणि चारही चाकांना सारखा जोर मिळणे कठीण असे.

आता थोडा हिशेब करू. व्हॅक्यूमची मदत तूर्त बाजूला ठेवू. समजा, आपण पेडलावर वीस किलोंचा भार दिला. पेडल ही एक तरफ आहे. ती हा जोर चौपट करते असे धरले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ऐंशी किलोंचा भार पडतो. या दट्ट्याचा व्यास दोन सेंटीमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटीमीटरांहून थोडे अधिक होते, आणि तेलात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे पंचवीस किलोंचा दाब निर्माण होतो. कॅलिपरमधला दट्ट्या पाच सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर हाच दाब त्याला सुमारे पाचशे किलोंच्या जोराने पॅडवर रेटतो. वीस किलोंचे पाचशे झाले! अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला त्या प्रमाणात अंतर घटले. पेडल चार सेंटीमीटर खाली जाते तेव्हा मास्टर सिलिंडरमधून एका सेंटीमीटरच्या सरकण्याइतके, म्हणजे तीन घन सेंटीमीटरांच्या आसपास तेल पुढे जाते. एवढ्याशा तेलावर चारही चाकांचे काम चालावयाचे असते.

या मोजक्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला तर काय होईल? तेल दाबले तरी आकसत नाही म्हटले तरी चालेल. हवा मात्र आकसते. चहाच्या चमच्यात पाच घन सेंटीमीटर मावतात. त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे दोन घन सेंटीमीटर हवा नळीत राहिली आहे असे समजा. वर सांगितलेल्या दाबाखाली ती आकसून मूळच्या सव्विसाव्या हिश्शाएवढी होते. म्हणजे मास्टर सिलिंडरने पुढे ढकललेल्या तेलापैकी जवळजवळ दोन घन सेंटीमीटर तेल निव्वळ ही हवा दाबण्यात खर्ची पडते. पेडलाच्या भाषेत सांगावयाचे तर पाय सुमारे अडीच सेंटीमीटर अधिक खाली जातो, आणि त्या अडीच सेंटीमीटरांत चाकाला काहीही मिळत नाही. पायाला जाणवणारा उशीसारखा मऊपणा तो हाच. कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. वरून सुटलेला हुकूम मधल्या एखाद्या टेबलावर दाबला जातो. वरच्याला वाटते हुकूम गेला, आणि खालच्याला तो मिळालेलाच नसतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. होसकोट्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या ट्रकांचे ब्रेक हवेवरच चालतात. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरून ठेवतो आणि ती हवाच ब्रेक लावते. मग ट्रकाला जी चालते ती हवा मोटारीला का चालू नये? ट्रकात हवेचा साठा सतत भरला जात असतो, आणि तिच्या आकसण्याचा विचार करूनच ती यंत्रणा रचलेली असते. मोटारीत साठा असतो तो फक्त पायाच्या एका दाबाचा. ट्रकात हवा नोकर आहे. मोटारीच्या ब्रेकमध्ये ती चोर आहे.

ब्रेकचे सुटे भाग बदलल्यावर पेडल मऊ लागले, तर घाईने एखादा भाग पुन्हा बदलण्याआधी काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला प्रश्न असा, की कामात तेलाची नळी उघडली होती काय? केवळ पॅड बदलले असतील तर नळी उघडावी लागत नाही आणि एरवी हवा आत शिरण्याचे कारण नसते. अशा वेळी पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचा दट्ट्या मागे लोटलेला असतो, म्हणून पहिले काही दाब खोल जातात. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पेडल पुरेसे वर येईपर्यंत दाबत राहावे, एवढेच तेथे करावयाचे असते. कॅलिपर, होज पाइप, व्हील सिलिंडर किंवा मास्टर सिलिंडर बदलला असेल तर मात्र नळी उघडली, हवा आत गेली, आणि ती काढणे भागच आहे.

दुसरा प्रश्न असा, की पेडल मऊ आहे की खोल? हा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोल पेडल बरेच खाली जाते, परंतु तेथे पोहोचल्यावर टणक लागते. याचा अर्थ तेल ठीक आहे, मात्र कोठे तरी फट अधिक आहे. मागच्या चाकांना ड्रम असतील तर शू ड्रमपासून दूर राहिले असण्याचा संभव असतो. ते जुळवून घ्यावे लागतात. मऊ पेडल मात्र तळापर्यंत स्प्रिंगसारखे दबत राहते. भराभर तीन-चार वेळा दाबले असता दोन्ही प्रकारची पेडले वर येतात. फट असेल तर वर आलेले पेडल टणक होते; हवा असेल तर ते वर येऊनही थोडे लवचिक राहते. वर येते म्हणून समाधान मानणे हीच माझी चूक झाली.

तिसरा प्रश्न गळतीचा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय जोराने दाबून मिनिटभर तसाच धरावा. पेडल हळूहळू खाली उतरू लागले तर तेल कोठे तरी निसटत आहे. चाकांच्या आतल्या बाजूस, सांध्यांपाशी ओल दिसते का ते पाहावे. कोठेच ओल नाही, टाकीतले तेलही कमी होत नाही आणि तरी पेडल उतरते, तर बहुधा मास्टर सिलिंडरमधल्या रबरी वाट्या दाब आतल्या आत सोडत आहेत. उलट, पाय पेडलावर ठेवून इंजिन चालू केले असता पेडल थोडे खाली जाते, ते मात्र निरोगीपणाचे लक्षण आहे. व्हॅक्यूमची मदत सुरू झाल्याची ती खूण होय.

हवा काढण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. तिला दोन माणसे आणि बराच धीर लागतो. टाकी योग्य प्रतीच्या ताज्या तेलाने भरावी. चाकापाशी जे लहान निपल असते त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवून ठेवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल पाऊण फेरा सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल घट्ट केल्याशिवाय पेडलावरचा पाय उचलू नये, नाहीतर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. “दाब”, “धर”, “सोड” या तीन शब्दांत सारा व्यवहार चालतो, आणि दोघांपैकी एकजण घाईचा असला तर तो बिघडतो. मध्येच टाकी रिकामी झाली तर केलेले श्रम वाया जातात. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात. आपल्याकडे ते बहुधा मागचे डावे चाक असते. परंतु पुष्कळ नव्या गाड्यांत क्रम निराळा असतो. तो गाडीच्या पुस्तकात पाहावा. चाके घसरू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या झडपांत हवा अडकली तर ती केवळ पायाने निघत नाही. संगणकी साधनाने ती यंत्रणा चालवून काढावी लागते.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्यावी. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या अर्ध्याच वाटेपर्यंत जातो. पुढच्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत रेटले तर रबरी वाट्या त्या खरखरीत भागावर कापल्या जातात, आणि नसलेला दोष निर्माण होतो. पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर हे टळते. मास्टर सिलिंडरच नवा असेल तर गाडीत बसवण्यापूर्वी त्याच्यातली हवा बाहेरच काढून घ्यावी.

माझ्या गाडीची हवा गॅरेजात एकदा नव्हे, तीनदा काढण्यात आली. प्रत्येक वेळी थोडे बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल आले आणि सर्वांना वाटले, काम झाले. पेडल मात्र मऊ ते मऊच. मास्टर सिलिंडर बदलण्याचा सल्लाही मिळाला. शेवटी मी गाडी हळूहळू, पहिल्या गियरमध्ये, दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे नेली. पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेले ते मराठी गृहस्थ होते. त्यांनी पेडल दोनदा दाबले, पुढची दोन्ही चाके उतरवली, आणि कॅलिपरकडे नुसते पाहत उभे राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “साहेब, हवा नेहमी वर राहते. आणि तिला बाहेर जायचं दार ह्यांनी ठेवलंय खाली. ती जाईल कशी?”

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. दोन्ही दिसायला एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. बोल्टही कोणत्याही बाजूस बसतात. फरक इतकाच, की योग्य बाजूस बसवल्यावर हवा काढण्याचे निपल वरच्या टोकाला येते, आणि चुकीच्या बाजूस बसवल्यावर ते खाली जाते. निपल खाली असेल तर त्यातून स्वच्छ तेल हवे तितके वाहते, आणि हवा वरच्या पोकळीत स्वस्थ बसून राहते. बुडबुडे थांबले म्हणजे हवा संपली, हा आमचा समज त्यामुळे खोटा ठरला. हवा संपली नव्हती. ती वाटेवर नव्हती, एवढेच. मिस्त्रींनी कॅलिपरांची अदलाबदल केली. नळ्या पुन्हा उघडाव्या लागल्या, म्हणून हवा पुन्हा काढली. पहिल्याच दाबाला बाटलीत मोठाले बुडबुडे उसळले, आणि अर्ध्या तासात पेडल पूर्वीसारखे टणक झाले.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले तर जुन्या होज पाइपांकडे पाहावे. रबर कमजोर झालेले असले तर दाबाखाली ते फुगते आणि हवेसारखेच तेल गिळते. गुळगुळीत जबड्याच्या खास चिमट्याने एकेक होज दाबून पेडल तपासावे. ज्याला चिमटा लावल्यावर पेडल टणक होते, त्याच होजात किंवा त्याच्या पलीकडे दोष आहे. साध्या पक्कडीने मात्र होज दाबू नये. रबर आतून चिरते.

तेलाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सर्रास वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. होसकोट्याहून देवनहळ्ळीमार्गे नंदीच्या डोंगरावर सहलीला जाणारे पुष्कळ आहेत. तो डोंगर उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर चाके तापतात, जुने तेल उकळते, आणि वाफ हवेसारखीच वागते: कालपर्यंत टणक असलेले पेडल ऐन उतारावर तळाला जाते. म्हणून उतार खालच्या गियरमध्ये उतरावा, आणि तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावे. इंजिनाचे तेल टाकीत चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगून सारी यंत्रणा निकामी होते.

आजच्या गाड्यांत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबवता येते. पूर्वीच्या गाड्यांत तेवढाही आधार नव्हता. परंतु हा आधार संकटकाळासाठी आहे, दुरुस्तीतली हयगय झाकण्यासाठी नव्हे. यंत्राचे ज्ञान नसलेल्या माणसाने स्वतः हत्यार हाती धरावे असे मी म्हणत नाही. तथापि, गाडी ताब्यात घेताना गॅरेजाच्या आवारातच पेडल दाबून पाहणे, ते उतरत नाही ना याची खात्री करणे, कॅलिपर बदलले असतील तर निपल वर आहे ना हे वाकून पाहणे, आणि मोकळ्या जागी बैलगाडीच्या वेगाने दोन-चारदा गाडी थांबवून पाहणे, एवढे कोणालाही करता येईल. “चार दिवसांत बसेल” असे कोणी सांगितले, तर गाडी तेथेच ठेवून चालत घरी जावे. ब्रेक पहिल्या दाबालाच लागला पाहिजे. रस्त्यात आडवा येणाऱ्याला दुसऱ्या दाबाची मुदत मागता येत नाही.